पॉइंटर न वापरता शब्दतक्ता: सी भाषेत आटोपशीर आणि शोधता येणारा की-व्हॅल्यू तक्ता बांधण्याची पद्धत

एका छोट्या यंत्राला सिरियल पोर्टवरून मराठीत आज्ञा द्यायच्या आहेत. आज्ञा सहा आहेत: उघड, थांब, पुढे, बंद, मागे, वाच. प्रत्येकीला एक क्रमांक आहे आणि तो पाहून पुढचा कोड काय करायचं ते ठरवतो. आलेल्या शब्दावरून क्रमांक शोधायचा, एवढंच काम. सी मध्ये हे लिहायला बसलं की बहुतेकांची पहिली रचना ठरलेली असते: स्ट्रक्चरमध्ये अक्षरांकडे बोट दाखवणारा एक पॉइंटर (म्हणजे मेमरीतला पत्ता), शेजारी एका बाइटचं मूल्य, आणि अशा स्ट्रक्चरांचा ॲरे. वर एक लूप आणि स्ट्रकंप (strcmp, दोन शब्द जुळवून पाहणारं फंक्शन). चालतं, पण त्यासाठी किती जागा जाते ते मोजून पाहण्यासारखं आहे.

६४ बिटच्या मशीनवर पॉइंटर ८ बाइटचा असतो. मूल्य एकाच बाइटचं असलं तरी पुढच्या स्ट्रक्चरचा पॉइंटर ८ च्या पटीतल्या पत्त्यावर यावा म्हणून कंपाइलर ७ बाइट रिकामे सोडतो. म्हणजे एका नोंदीला १६ बाइट, सहा नोंदींना ९६. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याच्या रूढ पद्धतीत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजून आपल्या सहा शब्दांत मिळून २१ चिन्हं आहेत, त्यांचे ६३ बाइट, आणि प्रत्येक शब्दाच्या शेवटचा शून्य धरून ६९. एकूण १६५ बाइट. हाच तक्ता शेअर्ड लायब्ररीत गेला तर प्रत्येक पॉइंटरसाठी लोडरला एक रिलोकेशन नोंद (खरा पत्ता कुठे भरायचा याची सूचना) लागते. एक्स८६-६४ लिनक्सवर नेहमीच्या पद्धतीने ती २४ बाइटची असते. वर तो पत्ता लोड होताना भरायचा असल्यामुळे तुम्ही कॉन्स्ट लिहिलेला तक्ताही सुरुवातीला लिहिता येण्याजोग्या पानांवर ठेवावा लागतो, आणि ती पानं अनेक प्रोसेसमध्ये वाटून घेता येत नाहीत.

हाच तक्ता आपण ३४ बाइटमध्ये बसवणार आहोत, आणि शब्द वाढले की त्यात शोधणं लूपपेक्षा वेगवान असेल. माझं ठाम मत असं की अशा तक्त्यातलं अवघड काम चालत्या प्रोग्रामने करूच नये. क्रम लावणं, दुबार शब्द पकडणं, लांबी मोजणं हे सगळं बिल्डच्या वेळी, भरपूर मेमरी असलेल्या मशीनवर उरकता येतं.

पायरी १: तक्ता खरंच स्थिर आहे का ते ठरवा

पुढचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे: शब्द बिल्डच्या वेळी माहीत आहेत आणि प्रोग्राम चालू असताना बदलत नाहीत. आज्ञा, सेटिंगची नावं, त्रुटींचे संदेश, प्रोटोकॉलमधली हेडर, भाषेतले राखीव शब्द हे सगळे या वर्गात येतात. चालू असताना शब्द वाढत-घटत असतील तर हॅश तक्ता (शब्दावरून आकडा काढून त्यानुसार जागा ठरवणारा तक्ता) लागेल. त्याबद्दल खाली लिहिलं आहे.

दुसरं, "सापडलं नाही" हे उत्तर कसं द्यायचं ते आत्ताच ठरवा. मी ० हे मूल्य त्यासाठी राखून ठेवतो आणि कोणत्याही शब्दाला ० देत नाही.

पायरी २: पॉइंटर काढा, ऑफसेट ठेवा

सगळे शब्द एकाच सलग बाइट-ॲरेत एकापुढे एक लिहा. मध्ये शून्य नको, स्वल्पविराम नको. याला साठा म्हणू. प्रत्येक शब्द साठ्यात कुठे सुरू होतो तो आकडा दुसऱ्या ॲरेत ठेवा. यूटीएफ-८ मध्येच ठेवलं तर आपल्या सहा शब्दांचे ऑफसेट असे येतात:

०, ९, २१, ३३, ४२, ५४, ६३

शब्द सहा, आकडे सात. शेवटचा आकडा म्हणजे साठ्याची एकूण लांबी. या एका जादा आकड्यामुळे कोणत्याही शब्दाची लांबी "पुढचा ऑफसेट वजा हा ऑफसेट" अशी मिळते. शेवटच्या शब्दासाठी वेगळी अट लिहावी लागत नाही आणि लांबीचा वेगळा ॲरेही लागत नाही.

साठा २५५ बाइटपर्यंत असेल तर ऑफसेट एका बाइटमध्ये मावतो, ६५,५३५ पर्यंत दोन बाइटमध्ये. मूल्यं तिसऱ्या ॲरेत, त्याच क्रमाने. तीन वेगळे ॲरे ठेवल्यामुळे पॅडिंगचा (मध्ये सोडलेल्या रिकाम्या बाइटचा) प्रश्नच येत नाही, कारण प्रत्येक ॲरेत एकाच मापाच्या वस्तू आहेत. शिवाय तक्त्यात एकही पत्ता नसल्यामुळे रिलोकेशनही लागत नाही. आत्ताच हिशोब ६३ + ७ + ६ = ७६ बाइटवर आला.

पायरी ३: अक्षरं आकसा

ही पायरी ऐच्छिक आहे, पण देवनागरीत तिच्यातून मिळणारा फायदा इतका मोठा आहे की ती सोडवत नाही. युनिकोडमधला देवनागरी विभाग १२८ जागांचा आहे. यूटीएफ-८ मध्ये या विभागातल्या प्रत्येक चिन्हाचा पहिला बाइट २२४ असतो आणि दुसरा १६४ किंवा १६५. खरी माहिती तिसऱ्या बाइटमध्ये आणि दुसऱ्याच्या एका बिटमध्ये असते. १२८ शक्यता म्हणजे ७ बिट, म्हणजे एका चिन्हाला एक बाइट पुरतो.

रूपांतर सोपं आहे. दुसरा बाइट १६४ असेल तर संकेत = तिसरा बाइट − १२८. तो १६५ असेल तर त्यात आणखी ६४ मिळवा. "मागे" हा शब्द घेऊ:

म: २२४, १६४, १७४ → ४६
ा: २२४, १६४, १९० → ६२
ग: २२४, १६४, १५१ → २३
े: २२४, १६५, १३५ → ७१

बारा बाइटचे चार झाले. साठा ६३ वरून २१ वर आला, ऑफसेट ०, ३, ७, ११, १४, १८, २१ झाले, आणि एकूण बेरीज २१ + ७ + ६ = ३४. या रूपांतराने क्रम बदलत नाही, कारण यूटीएफ-८ मधला बाइटक्रम आणि युनिकोड क्रमांकांचा क्रम एकच असतो आणि आपण दोन्हीकडून फक्त सारखाच भाग वजा केला आहे.

आता याची दुसरी बाजू. बाहेरून आलेला शब्दही शोधण्याआधी याच संकेतात आणावा लागतो, आणि ते काम चालत्या प्रोग्रामला करावं लागतं. तिथे सावध राहा. तीन बाइट शिल्लक आहेत का, पहिला २२४ आहे का, दुसरा १६४ किंवा १६५ आहे का, तिसरा १२८ ते १९१ मध्ये आहे का, हे प्रत्येक चिन्हाला तपासा. एकही अट मोडली तर लगेच ० परत द्या. जनरेटरने (बिल्डच्या वेळी तक्ता तयार करणारी स्क्रिप्ट, पायरी ४) सर्वांत लांब शब्दाची लांबी (आपल्याकडे ४) एका स्थिरांकात लिहून ठेवावी. रूपांतरित संकेत त्यापुढे गेले की तो शब्द तक्त्यात असूच शकत नाही. त्यामुळे बफर छोटा आणि ठरलेल्या मापाचा राहतो, आणि कोणी दोन हजार अक्षरं पाठवली तरी तो ओलांडला जात नाही.

मराठीसाठी इथे एक खास अडचण आहे. "दुसऱ्या" मधला अर्धा ऱ तीन प्रकारे टाइप झालेला भेटतो: स्वतंत्र ऱ (संकेत ४९) आणि हलंत (७७), र, नुक्ता आणि हलंत (४८, ६०, ७७), किंवा र, हलंत आणि शून्यरुंदीचा जोडक (न दिसणारं जोडचिन्ह). स्क्रीनवर तिन्ही सारखेच दिसतात, बाइट मात्र वेगळे. "ॲ" चंही तसंच आहे: तो एकच चिन्ह असू शकतो (संकेत ११४), किंवा अ आणि ॅ मिळून, मध्ये जोडक घालून किंवा न घालता. जोडकाचे बाइट २२६, १२८, १४१ असतात, म्हणजे तो देवनागरी विभागाबाहेरचा आहे आणि वरच्या अटीवर अडकून शब्द "सापडला नाही" होईल. एक रूप प्रमाण माना, ४९ आणि ११४ हीच सोयीची, आणि जनरेटर व चालता कोड दोन्हीकडे रूपांतर करतानाच बाकीची रूपं त्यात बदला. फक्त एकाच बाजूला बदललंत तर असा दोष राहील जो डोळ्यांनी कितीही पाहिलं तरी दिसणार नाही.

शब्दांत इंग्रजी अंक, मोकळी जागा (स्पेस) किंवा रोमन अक्षरंही येणार असतील तर ही पायरी सोडा आणि यूटीएफ-८ तसंच ठेवा. बाकी काही बदलत नाही.

संकेत ७ बिटचा असल्यामुळे आठवा बिट मोकळा राहतो. शब्दाच्या शेवटच्या संकेतावर तो लावला तर ऑफसेटचा ॲरेही काढून टाकता येतो. "मागे" मग ४६, ६२, २३, १९९ असा साठवला जाईल. कमोडोरच्या बेसिकमधली राखीव शब्दांची यादी रॉममध्ये अशीच होती, प्रत्येक शब्दाच्या शेवटच्या अक्षरावर वरचा बिट लावलेला. पण मग मधल्या शब्दावर थेट उडी मारता येत नाही, पहिल्यापासून चालत जावं लागतं. दहा-पंधरा शब्दांपर्यंत मला हा सौदा मान्य आहे. त्यापुढे ऑफसेट ठेवावेत.

पायरी ४: जनरेटर लिहा

साठा आणि ऑफसेट हाताने लिहू नका. आज एक शब्द वाढला की त्यापुढचे सगळे आकडे सरकतात आणि एक जरी चुकला तरी शेजारच्या दोन शब्दांचे तुकडे जोडून तिसराच शब्द तयार होतो. शब्द आणि मूल्यं एका साध्या मजकूर फाइलमध्ये ठेवा, एका ओळीत एक जोडी. एक छोटी स्क्रिप्ट ती वाचेल आणि तीन ॲरे असलेली सी फाइल तयार करेल. ही स्क्रिप्ट बिल्डचाच भाग असू द्या.

तिचं काम या क्रमाने: प्रत्येक शब्द प्रमाण रूपात आणून संकेतांत बदलायचा, संकेतांच्या क्रमाने यादी लावायची, लागून आलेले दोन शब्द सारखे असतील तर बिल्ड थांबवायचा, मूल्य ० असेल किंवा चिन्ह विभागाबाहेरचं असेल तरी थांबवायचा, ऑफसेट मोजायचे, शेवटचा ऑफसेट २५५ च्या पुढे गेला तर ऑफसेटचा प्रकार दोन बाइटचा करायचा, आणि शब्दसंख्या व कमाल लांबी स्थिरांक म्हणून लिहायची.

यातला "संकेतांच्या क्रमाने" हा भाग नीट समजून घ्या. मराठी वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो, क्ष आणि ज्ञ त्याही पुढे. युनिकोडमध्ये ळ हा ल आणि व यांच्या मध्ये आहे, आणि क्ष म्हणजे क, हलंत, ष अशी तीन चिन्हं, म्हणून तो क च्या शब्दांत जातो. एखाद्या स्प्रेडशीटमध्ये मराठी क्रम लावून तयार केलेली यादी माणसाला बरोबर दिसेल, पण बायनरी सर्चला (दर वेळी शोधक्षेत्र अर्धं करत जाण्याची पद्धत, पायरी ६) ती विस्कटलेली असेल. काही शब्द सापडतील, काही नाही. क्रम लावणारी तुलना आणि शोधणारी तुलना एकच असली पाहिजे, या नियमात सूट नाही.

याच नियमाचा आणखी एक सापळा सी मध्ये आहे. साधा चार (char) हा प्रकार एक्स८६ वर सहसा चिन्हासह असतो आणि एआरएमवर सहसा चिन्हाविना. यूटीएफ-८ चे बाइट १२७ च्या पुढचे असतात, त्यामुळे चार वापरून हाताने तुलना लिहिली तर एका मशीनवर २२४ हा −३२ वाचला जातो. मेमकंप (memcmp) बाइटची तुलना नेहमी चिन्हाविना करतं. तेच वापरा.

पायरी ५: तुलना

तुलना(क्र, शोध, शोधलांबी):
    लांबी = ऑफसेट[क्र + १] − ऑफसेट[क्र]
    किमान = लांबी आणि शोधलांबी यांतली लहान
    फरक = मेमकंप(साठा + ऑफसेट[क्र], शोध, किमान)
    फरक शून्य नसेल तर: परत दे फरक
    परत दे लांबी − शोधलांबी

शेवटची ओळ लिहायची राहते आणि मग "बं" एवढं टाइप केलं तरी "बंद" ही आज्ञा चालते. आलेल्या शब्दाच्या लांबीइतकंच स्ट्रनकंप (strncmp, पहिले ठरावीक बाइटच जुळवणं) करणाऱ्या कोडमध्ये हा दोष हमखास असतो. यंत्र बंद करणारी आज्ञा अर्ध्या शब्दावर चालणं ही किरकोळ गोष्ट नव्हे. दोन्ही लांब्या इंट प्रकारात घ्या. साइझ-टी (size_t) या चिन्हाविना प्रकारात वजाबाकी केली तर ३ वजा ४ याचं उत्तर ऋण न येता प्रचंड मोठी धन संख्या येते.

पायरी ६: शोध

खालची = ०
वरची = शब्दसंख्या
जोवर खालची < वरची:
    मधली = खालची + (वरची − खालची) / २
    तुलना(मधली, शोध, शोधलांबी) < ० असेल तर: खालची = मधली + १
    नाहीतर: वरची = मधली
खालची < शब्दसंख्या आणि तुलना(खालची, शोध, शोधलांबी) = ० असेल तर:
    परत दे मूल्य[खालची]
परत दे ०

"मागे" शोधू. खालची ०, वरची ६, मधली ३, तिथे "बंद". ब चा संकेत ४४, म चा ४६, म्हणजे बंद लहान. खालची ४ झाली. मधली ५, तिथे "वाच", व चा संकेत ५३, तो लहान नाही. वरची ५ झाली. मधली ४, तिथे "मागे", तोही लहान नाही, वरची ४. लूप संपला, चौथ्या जागी बरोबरी तपासली, मूल्य मिळालं. हजार शब्दांच्या तक्त्यात लूप जास्तीत जास्त १० वेळा फिरेल.

बायनरी सर्च दिसायला सोपा, पण लिहायला निसरडा. त्याचं पहिलं वर्णन १९४६ मधलं, आणि कोणत्याही मापाच्या यादीसाठी बिनचूक असं प्रकाशित रूप यायला १९६० चं दशक उजाडलं, असं डोनाल्ड नूथ यांनी नोंदवलं आहे. जावाच्या प्रमाण लायब्ररीतल्या बायनरी सर्चमध्ये "खालची अधिक वरची" ही बेरीज फार मोठ्या ॲरेवर मर्यादेबाहेर जात होती, आणि हा दोष २००६ मध्ये जाहीरपणे मांडला गेला. म्हणून मधली काढताना वर दिलंय तसं आधी वजाबाकी करा. छोट्या तक्त्याला गरज नाही असं वाटेल, पण ८ बिटच्या ॲसेम्ब्लीत १३० अधिक १४० हीसुद्धा मर्यादेबाहेरची बेरीज असते.

"वरची" ही शोधक्षेत्राच्या एक पुढची जागा आहे, क्षेत्रातली शेवटची नाही. हे मुद्दाम केलं आहे. "वरची = मधली − १" असं कुठेच लिहावं लागत नाही, त्यामुळे मधली ० असताना चिन्हाविना प्रकार उलटून ६५,५३५ होण्याची भीती राहत नाही. तक्ता रिकामा असला तरी लूपमध्ये न शिरता उत्तर ० येतं.

या रूपाचा आणखी एक लाभ आहे. लूप संपल्यावर "खालची" म्हणजे शोधलेल्या शब्दापेक्षा लहान नसलेली पहिली जागा. शेवटची बरोबरीची अट काढून तिथून पुढे, सुरुवात जुळते तोवर चालत गेलात की "मा" ने सुरू होणारे सगळे शब्द क्रमाने मिळतात. टॅब दाबून शब्द पूर्ण करण्याची सोय हवी असेल तर ती जवळपास फुकट मिळाली. हॅश तक्ता हे देऊ शकत नाही, आणि म्हणूनच काहीशे शब्दांपर्यंत मी क्रमवार तक्त्यालाच पसंती देतो.

पायरी ७: तक्ता नेमका कुठे जातोय ते पाहा

तिन्ही ॲरे स्टॅटिक कॉन्स्ट जाहीर करा. बहुतेक मायक्रोकंट्रोलरवर एवढ्याने ते फ्लॅशमध्ये राहतात. एटीमेगा ३२८पी सारख्या एव्हीआर चिपवर मात्र नाही. तिथे प्रोग्रामची आणि डेटाची मेमरी वेगळी आहे, आणि एव्हीआर-जीसीसी कॉन्स्ट ॲरेही सुरुवातीला रॅममध्ये उतरवतो. ३२ केबी फ्लॅशच्या शेजारी रॅम फक्त २ केबी आहे. ॲरेवर प्रोगमेम (PROGMEM, डेटा फ्लॅशमध्येच ठेवण्याची खूण) लावा आणि बाइट वाचायला त्याची वेगळी फंक्शन वापरा. मेमकंपचीही प्रोगमेम-आवृत्ती तिथल्या लायब्ररीत आहे. मग लिंकरने काढलेली मॅप फाइल उघडून तिन्ही ॲरे कोणत्या विभागात गेले ते स्वतः पाहा.

हॅश कधी घ्यावा

शब्द हजारोंनी असतील, किंवा चालू असताना वाढणार असतील, तर हॅश. एफएनव्ही-१ए हे छोटं आणि पुरेसं चांगलं फंक्शन आहे: ३२ बिटमध्ये २१६६१३६२६१ पासून सुरुवात, प्रत्येक बाइटशी एक्सऑर, मग १६७७७६१९ ने गुणाकार. खण (तक्त्यातल्या जागा) दोनच्या घाताइतके ठेवले की भागाकाराऐवजी मास्क (फक्त खालचे बिट घेणं) चालतो. खण भरलेला असेल तर पुढचा पाहायचा.

तक्ता किती भरू द्यायचा हा इथला खरा निर्णय. आदर्श हॅश धरला तर अर्धा भरलेल्या तक्त्यात नसलेला शब्द शोधायला सरासरी २.५ खण पाहावे लागतात, पाऊण भरला की ८.५, आणि ९० टक्के भरला की ५०.५. असलेल्या शब्दासाठी हेच आकडे १.५, २.५ आणि ५.५ आहेत. म्हणजे चुकीचे शब्द बरेच येत असतील तर पाऊण ही मर्यादासुद्धा सैल आहे.

मोकळे खण ठेवूनही जागा वाचवता येते. खणात पूर्ण नोंद न ठेवता फक्त नोंदीचा क्रमांक ठेवा, २५५ पर्यंत नोंदी असतील तर एका बाइटचा, आणि २५५ म्हणजे रिकामा. नोंदी वेगळ्या ॲरेत, सलग. मोकळ्या खणाची किंमत मग एक बाइट उरते. पायथन ३.६ मध्ये डिक्शनरीची रचना याच धर्तीवर बदलली आणि तिची मेमरी आधीच्या आवृत्तीपेक्षा २० ते २५ टक्क्यांनी कमी झाली. शब्द काढून टाकायची वेळ आली तर खण थेट रिकामा करू नका. त्यामागून सरकून पुढे बसलेले शब्द सापडेनासे होतील. काढलेल्या खणासाठी वेगळी खूण ठेवा, उदाहरणार्थ २५४, आणि नोंदींची मर्यादा एकाने कमी करा.

स्थिर शब्दांसाठी जीएनयू जीपर्फ हे साधन टक्कर (दोन शब्दांना एकच खण) नसलेलं हॅश फंक्शन तयार करून देतं. तरीही शेवटची पूर्ण तुलना वगळू नका, कारण तक्त्यात नसलेला शब्दही त्याच्या सूत्राने एखाद्या खणापर्यंत पोचतो.

तपासणी

जनरेटरकडूनच तपासणीची यादीही तयार करून घ्या. प्रत्येक शब्द सापडला पाहिजे आणि मूल्य बरोबर आलं पाहिजे. प्रत्येक शब्दाचं शेवटचं चिन्ह काढून शोधा, "थां" सापडता कामा नये. एक चिन्ह जोडून शोधा, "थांबा" सापडता कामा नये. पहिल्याच्या आधीचा "अ", शेवटच्याच्या नंतरचा "ह", रिकामा शब्द, मधेच तुटलेला यूटीएफ-८, कमाल लांबीपेक्षा एकाने मोठा शब्द, आणि ऱ च्या तिन्ही रूपांतला एखादा शब्द (तक्त्यात नसेल तर फक्त तपासणीपुरता घाला). तक्ता एका शब्दाचा आणि शून्य शब्दांचा करूनही हेच चालवा. मानक सी मध्ये शून्य लांबीचा ॲरे चालत नाही, म्हणून रिकाम्या यादीला जनरेटरने साठ्यात आणि मूल्यांच्या ॲरेत एकेक भरतीचा बाइट टाकावा आणि शब्दसंख्या ० लिहावी. हे सगळं डेस्कटॉपवर, ॲड्रेस सॅनिटायझर (मेमरी वापरातल्या चुका पकडणारं साधन) लावून, प्रत्येक बिल्डला चालू द्या. सगळ्या तपासण्या मिळूनही एका सेकंदाच्या आत संपतात.